केळकरांच्या कुरणातला आवास

क्लेमेंटी, सिंगापूर
१४ ऑगस्ट २०१४

श्री. पद्माकरराव व्याही यांना मनोहरचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (दोन्ही खांदे दुखत असल्यामुळे हात जेमतेम छातीपर्यंतच आले आहेत, तो अपमान समजू नये.) विनीताताईंनाही तितकाच नमस्कार. त्यांच्या कंबरेचे कसे काय? तुमच्या गुडघ्याची चौकशी मी मुद्दाम मागून करतो आहे. गेल्या खेपेस फोनवर आधी गुडघा विचारला आणि मग कंबर, त्यामुळे विहीणबाई दोन दिवस घुश्शात होत्या असे इशिताकडून कळले. तेव्हा आधी कंबर, मग गुडघा, आणि दोघांनाही आराम पडो.

आता तुम्ही म्हणाल, व्हॉट्सअ‍ॅपच्या दिवसांत या माणसाला कागद कुठून सुचला. तर माझे म्हणणे असे, की व्याह्याने व्याह्याला लिहायचे ते अंगठ्याने लिहू नये. पत्राला एक शोभा असते. (खरे कारण वेगळे आहे, पण ते शोभेनंतर.)

आम्ही इकडे यायला निघालो त्याच्या आदल्या दिवशी तुम्ही साताऱ्याहून फोन केलात आणि म्हणालात, "पोरांचं काहीतरी बिनसलंय, बघा जरा," आणि ठेवून दिलात. पद्माकरराव, तुमच्या तोंडून एका वेळी एवढे शब्द ऐकायची सवय नसल्यामुळे मी घाबरलोच. लग्नाच्या पंगतीत मी जिलब्यांचे ताट घेऊन "लाजू नका, लाजू नका" करत तुमच्यापुढे उभा, आणि तुम्ही पानावर आडवा हात धरून नुसते हसताय, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून अजून जात नाही. असा माणूस आपण होऊन फोन करतो म्हणजे पाणी बरेच मुरले असणार, हे मी ओळखले. विमानातही सुरेखाला तेच म्हणालो. ती म्हणाली, मला ते महिन्यापूर्वीच कळलंय, तुम्ही शेंगदाणे खा.

इथे येऊन पाहतो तर घर स्वच्छ, फ्रिज भरलेला, दोघे हसतमुख, आणि भांडण औषधालासुद्धा नाही. तिथेच मला शंका आली. आपल्या मुलांचे एक आहे. सगळे ठीक असले की ती मराठीत भांडतात आणि बिनसले की इंग्रजीत सभ्य होतात. आमचा निमिष म्हणतो, वुड यू लाइक सम टी. तुमची इशिता म्हणते, नो, आय ॲम फाइन, थँक यू. नवराबायकोत थँक यू! आमच्या लग्नाला इतकी वर्षे झाली, सुरेखाने मला एकदाच थँक यू म्हटले आणि तेही रागाने. इथे सकाळपासून झोपेपर्यंत इट्स फाइन, नो प्रॉब्लेम, ॲज यू विश. बँकेत राहायला आल्यासारखे वाटू लागले.

कारण तुम्हाला अर्धेमुर्धे ठाऊक असेलच. इशिताला पर्थच्या विद्यापीठातून दोन वर्षांसाठी बोलावणे आले आहे. पाणी गाळायच्या पडद्यांवर ती जे संशोधन करते त्यातलेच काम, पण मोठे, आणि होकार-नकार महिनाअखेर कळवायचा. निमिषला नेमके याच वेळी इथल्या तुआसच्या कारखान्यात वरचे पद मिळाले आहे. तिने त्याला बातमी सांगितली, तो म्हणाला, इट्स फाइन, यू डिसाइड. बस. त्या दिवसापासून विषय बंद आणि इंग्रजी सुरू. "अहो," सुरेखा मला म्हणाली, "ही दोघं अशीच गोड बोलत बोलत एक दिवस वेगळी व्हायची, आणि आपल्याला ईमेल येईल." मला ते ऐकून फार वाईट वाटले. आदळआपट करणारी माणसे आपण समजावू शकतो. थँक यू म्हणणाऱ्यांना काय समजावणार?

म्हणून सुरेखाने सहलीची टूम काढली. नऊ ऑगस्टला इथला राष्ट्रीय दिन, त्याला जोडून सुट्टी, आणि भाड्याची गाडी. जाताना मोठ्या हायवेने सरळ क्वालालंपूर. पद्माकरराव, रस्ता असा की पोटातले पाणी हलत नाही. मला तो अजिबात आवडला नाही. अशा रस्त्यावर कुणाला कुणाशी काही बोलावेच लागत नाही. खड्डा नाही, चुकायची सोय नाही, कुणाला पत्ता विचारायचा नाही. गाडीत फक्त त्या नकाशातल्या बाई बोलत होत्या, आणि त्याही इंग्रजीत. क्वालालंपूरला उंच मनोरे पाहिले, ते उंच आहेत. दोघांनी आमचे फोटो काढले, आम्ही त्या दोघांचे काढले, आणि प्रत्येक फोटोत दोघांच्या मधून मागचा अख्खा मनोरा दिसतो आहे.

तेव्हा परत घरी येताना मी जाहीर केले, की मी हायवेने येणार नाही. आतल्या रस्त्याने, लहानलहान गावांतून, देश बघत जाऊ. निमिष म्हणाला, शुअर. इशिता म्हणाली, व्हॉटेवर बाबा लाइक्स. (एरवी ही मुलगी माझ्याशी कडाकडा वाद घालते. मला तिचा वाद आवडतो, हे तिला सांगू नका.)

माझ्या या हट्टामागे थोडा विद्येचा भाग होता, तो कबूल करतो. मलय भाषा संस्कृतने कशी भरलेली आहे हे मी इथे आल्यापासून शोधून काढले आहे. त्यांची बहासा म्हणजे आपली भाषा. इस्तरी म्हणजे स्त्री, सुआमी म्हणजे स्वामी, अर्थात नवरा. (हे मी सुरेखाला दोनदा वाचून दाखवले, काही उपयोग झाला नाही.) रहसिया म्हणजे रहस्य आणि देन्दा म्हणजे दंड. इथल्या मेट्रोत, म्हणजे एमआरटीत, बसलो की मी पाट्या वाचून अर्थ लावतो आणि बहुतेक बरोबर येतात. शाळेत संस्कृतला मला कधी साठच्या वर गुण पडले नाहीत, पण इथे मी जवळजवळ शास्त्री झालो होतो. आतल्या रस्त्यावर तर इंग्रजी पाट्याही नसणार, म्हणजे कुटुंबाची सगळी मदार माझ्यावरच.

आणि तो रस्ता, काय सांगू तुम्हाला! क्वाला पिलाह, बाहाऊ, गेमास अशी एकेक गावे. गाव म्हणजे एक रस्ता, दोन्ही बाजूंना पडवी काढलेली चिनी दुकाने, खुर्चीतच झोपी गेलेला न्हावी, एक मशीद, एक लाल देऊळ, आणि गाव संपले की पुन्हा हिरवेगार. रबराची झाडे रांगेत उभी, प्रत्येकाच्या पोटाला एक वाटी बांधलेली. मध्येच नारळासारखी दिसणारी पण नारळ न देणारी पामतेलाची झाडे, डोंगरच्या डोंगर. बाहाऊला एका तमिळ माणसाच्या टपरीत रोटी आणि डाळ खाल्ली. त्याने पीठ हवेत असे भिरकावले की सुरेखाने टाळ्या वाजवल्या. मी हुरळून जाऊन जिथे काही दिसेल तिथे गाडी थांबवायला लावली. रंबुतान नावाची लाल केसाळ फळे घेतली, एक फळ्यांचा पूल पाहिला, एका म्हशीजवळ उभा राहून फोटो काढला. मुले प्रत्येक वेळी निमूट थांबली. म्हशीच्या फोटोत मात्र इशिताचा चेहरा पाहिला आणि माझा जीव कळवळला. इतके दमलेले मी तिला कधी पाहिले नव्हते.

गेमासच्या पुढे वळणे सुरू झाली आणि सुरेखाला मळमळू लागले. तासभर आडवे व्हायला कुठे खोली मिळाली तर बरे, असे ती म्हणाली. लॉज तर कुठे दिसेना. मी म्हटले, काळजी सोड, पाटी मी वाचतो. आणि पद्माकरराव, पुढच्याच वळणावर पिवळ्या पाटीवर ठसठशीत अक्षरे. ए, डब्ल्यू, ए, एस. आवास!

तुम्ही जाणताच, माझी उभी नोकरी जिल्हा परिषदेत आवास योजनेच्या टेबलावर गेली. हा शब्द मी झोपेतही ओळखीन. त्याखाली लिहिले होते, लोरी केलुआर मासूक. हे मालकाचे नाव असणार हे उघड होते. केलुआर म्हणजे कुणी मूळचे केळकर असावेत अशी माझी खात्री झाली. (केळकर कुठेही असू शकतात. तुमच्या साताऱ्यात नाहीत का?) आणि सर्वांत खाली, कुरांगकन लाजू. कुरण आहे. लाजू नका. इतकी अगत्याची पाटी मी जन्मात पाहिली नव्हती. माझ्या डोळ्यांपुढे हिरवे कुरण, कौलारू आवास आणि पायरीवर हात जोडून उभे असलेले केळकर आले. मी ओरडलो, "घे आत, निमिष! आवास आहे!"

निमिषने माझ्याकडे आरशातून पाहिले. इशिताने निमिषकडे पाहिले. कुणी काही बोलले नाही आणि गाडी आत वळली.

पामच्या झाडांमधून लाल मातीचा रस्ता, त्यावर आदल्या दिवशीचा पाऊस. कुरण येईना. रस्ता अरुंद होत गेला, आणि एका मोकळ्या जागी, जिथे लाल फळांचे मोठमोठे घोस रचून ठेवले होते, तिथे गाडीचे मागचे चाक चिखलात रुतले. मी म्हटले तुम्ही बसा, मी केळकरांना बोलावतो, आणि उतरलो. पलीकडे हेल्मेट घातलेले एक गृहस्थ उभे होते. मी हात जोडून मोठ्याने विचारले, "आवास?" त्यांनी माझ्याकडे पाहिले मात्र, दोन्ही हात हलवत "आवास! आवास!" असे ओरडत माझ्याकडे धावतच सुटले. मला गहिवरून आले. म्हटले काय हे आतिथ्य! मीही "आवास! आवास!" म्हणत हात पसरून त्यांना भेटायला पुढे निघालो. माझ्या पाठीमागून फळे भरायची लॉरी उलटी येत होती, हे मला कुणी सांगितले नव्हते. म्हणजे ते गृहस्थ तेच सांगत होते, पण ते मला मागाहून कळले.

पुढचे झटक्यात झाले. गाडीची दोन दारे एकदम उघडली, निमिषने माझा उजवा हात धरला आणि इशिताने डावा, आणि दोघांनी मिळून मला असे खेचले की आम्ही तिघेही उताणे चिखलात. लॉरी थांबली. अगदी वेळेवर थांबली, पण मुले आली नसती तर तिने थांबायचे कारण मी ठरलो असतो. घाबरलो होतो, खोटे कशाला सांगू?

आणि मग त्या चिखलात बसून तुमची मुलगी माझ्या मुलावर कडाडली. "अवास म्हणजे सावधान, हे तुला माहीत होतं ना रे बावळटा? रोज तुआसला तीच पाटी बघत असशील! मग वळलास कशाला?" तो म्हणाला, "तुलाही माहीत होतं! मग तू का नाही बोललीस?" ती म्हणाली, "मला वाटलं तू बोलशील!" तो म्हणाला, "मला वाटलं तू!" आणि दोघे एकमेकांकडे पाहतच राहिले.

मराठीत, पद्माकरराव! शुद्ध, खणखणीत मराठीत! सुरेखा गाडीच्या खिडकीतून ऐकत होती, तिची मळमळ पळाली आणि डोळे भरून आले. बावळट हा शब्द इतका गोड आहे हे मला त्या दिवशी कळले.

मग ते हेल्मेटवाले गृहस्थ, ज्यांना मी केळकर समजलो, त्यांनी साखळी लावून आमची गाडी ओढून काढली आणि इशिताने त्यांना इंग्रजीत सगळा प्रकार सांगितला आणि मला पाटीचा अर्थ. 'केलुआर मासूक' म्हणजे जाणे-येणे, आणि 'कुरांगकन लाजू' म्हणजे वेग कमी करा. लॉऱ्यांची ये-जा आहे, सावधान, हळू चालवा, एवढाच त्या पाटीचा मजकूर. ते गृहस्थ पोट धरून हसले आणि त्यांनी आम्हाला चार केळी दिली. (म्हणजे केळ्यांचा संबंध होताच, मी अगदीच चुकलो नव्हतो.) माझी पँट कामातून गेली होती. सेगामात गावच्या पेट्रोल पंपावर अंग धुतले आणि एका दुकानातून चौकड्यांचे सारोंग घेऊन नेसलो. आपल्या लुंगीचीच बहीण, फक्त शिवलेली, त्यामुळे सुटायची भीती नाही. पुढचा सगळा प्रवास मी त्यातच केला.

तासभर गाडीत नुसता कलकलाट होता. मी, केळकर, कुरण आणि लाजू नका, यांची यथेच्छ टिंगल झाली. पण लाबीस मागे पडले, हसू ओसरले, आणि बघता बघता सिंगापूर जवळ येत चालले. इशिता म्हणाली, डू यू वॉन्ट मी टू ड्राइव्ह? निमिष म्हणाला, नो, आय ॲम फाइन, थँक्स. झाले! सुरेखाने मला चिमटा काढला. त्याच वेळी समोर पुन्हा पिवळी पाटी आली, आवास असे लिहिलेली, आणि खाली गाईचे चित्र. माणसाची सवय कुठे जाते? मी ओरडलो, "आवास! आणि गोठ्यासकट!"

"बाबा, नाही!" दोघेही एकाच वेळी, एकाच सुरात ओरडले. इतके एकत्र ते लग्नात मंगलाष्टकांच्या शेवटालाही बोलले नव्हते. मग जे हसत सुटले, की निमिषला गाडी बाजूला घ्यावी लागली. तिथे भजीसारखी तळलेली केळी विकणारी एक बाई होती. दोघे तिच्या बाकावर बसले ते बसलेच. आम्ही शेजारच्या गाड्यावरचे ड्युरियन, म्हणजे काटेरी फणसासारखे एक उग्र वासाचे फळ, बघत असल्याचे दाखवले. (त्या वासात उभे राहणे ही काही साधी गोष्ट नाही. पोटच्या मुलांसाठीच माणूस हे करतो.)

कान देऊन ऐकले नाही, पण आले कानावर. निमिष म्हणत होता, "जाऊ नको म्हटलं असतं तर मी स्वार्थी. आनंदाने जा म्हटलं असतं तर तुला वाटलं असतं, याला काही फरकच पडत नाही. म्हणून इट्स फाइन म्हणालो." इशिता म्हणाली, "आणि मी त्या इट्स फाइनचा अर्थ काय काय लावत बसले, माहितीय? तुझ्या बाबांनीही पाटीचा इतका चुकीचा लावला नसेल!" नंतर ती रडली आणि तो तळलेले केळे हातात धरून तसाच बसला. आम्ही ड्युरियनकडे पाहत राहिलो. मला तुमची फार आठवण झाली, पद्माकरराव. तुम्ही तिथे असायला हवे होतात.

क्लुआंगच्या स्टेशनात कॉफी प्यालो आणि दिवेलागणीला सीमेवर पोहोचलो. तिथल्या अधिकाऱ्याने पासपोर्टमधला टाय लावलेला मी आणि समोरचा सारोंगातला मी असे दोनदा ताडून पाहिले. इशिता हसून त्याला काहीतरी म्हणाली, तोही हसला, आणि आम्ही घरी आलो.

पर्थचे अजून ठरलेले नाही. आधी सहा महिने जाऊन बघायचे, की दोघांनीच तिकडे बदली शोधायची, की इथूनच काही जमवायचे, यावर या घटकेला स्वयंपाकघरात जोरात भांडण चालू आहे. भांडी वाजत आहेत. आत्ताच "तू गप रे, तुला त्यातलं कळत नाही" असे ऐकू आले. महिनाअखेर जे व्हायचे ते होईल, पण ते मराठीत होईल, एवढे मी तुम्हाला लेखी कळवतो. विहीणबाईंना सांगा, आता निवांत झोपा. त्यांच्या कंबरेला पुन्हा नमस्कार.

आपला,
मनोहर

ता. क. पत्र कागदावर का, ते लिहायचे राहिले. माझा फोन इशिता वापरते, आणि आपल्या फॅमिली ग्रुपवर लिहिलेले तिला माझ्या आधी दिसते. तेव्हा उत्तर पोस्टानेच पाठवा. ग्रुपवर हसरा चेहरासुद्धा टाकू नका. तुम्ही कधी काही टाकत नाही, त्यामुळे तिला लगेच संशय येईल.

आणखी ता. क. पहिली पाटी मी खरोखर चुकलो. देवाशपथ चुकलो, केळकरांसकट. दुसरी चुकलो नाही. लॉरीखाली जाता जाता शिकलेला शब्द माणूस दोन तासांत कसा विसरेल? सुरेखाचा चिमटा त्यासाठीच होता; पाटी माझ्याआधी तिने पाहिली होती. मुलांना वाटते म्हातारा विसरभोळा झाला. वाटू द्या.

शेवटचा ता. क. खरे काम हेच. दिवाळीत तुम्ही इकडे याल तेव्हा मुले तुम्हाला त्याच रस्त्याने नेणार आहेत, तसा बेत कानावर आला आहे. तोवर पर्थचा जो काही निर्णय झाला असेल तो असेल, आणि गाडीत पुन्हा कुणीतरी इट्स फाइन म्हणेलच. माझ्यावर आता त्यांचा विश्वास बसणार नाही, एक माणूस किती वेळा चुकणार? तेव्हा तुमची पाळी. गेमास मागे पडले की पिवळ्या पाटीवर लक्ष ठेवा, आणि दिसली की मोठ्याने, अगदी मोठ्याने ओरडा, "आवास!" तुम्हाला जमेल. जिलबीच्या वेळी ऐकले नाहीत, निदान आता तरी ऐका, पद्माकरराव. लाजू नका.